विचारून घातलेलं पाणी

बारशाला वरवंटा लागतो. आधी त्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवायचं, आणि मग बाळाला. खांबेट्यांच्या घरात मिक्सर आल्यापासून वरवंट्याची आठवण कुणाला झाली नव्हती. शनिवारी सकाळी मधुमतीबाईंनी स्वयंपाकघरातलं अर्धं कपाट ओट्यावर रिकामं केलं आणि शेवटी खलबत्त्यातला बत्ता उचलून म्हणाल्या, "हा चालेल. देवाला काय कळतंय."

टेबलाशी कोथिंबीर निवडत बसलेल्या कोराबाईंना, म्हणजे सुनेच्या आईला, यात काही वावगं वाटलं नाही. त्या जानेवारीत फिलिपीन्सहून लीड्सला आल्या तेव्हा त्यांनी सांतो निन्योला सामानात घातलंच नाही, टॉवेलात गुंडाळून साऱ्या प्रवासात मांडीवर घेतलं. सांतो निन्यो म्हणजे वीतभर उंचीचा बाळ येशू, डोक्यावर मुकुट, हातात पृथ्वीचा गोळा. त्याचे चार झगे कोराबाईंनी स्वतः शिवलेले होते, सणाचा लाल मखमली निराळा. जिने उभ्या जन्मात देवाला कपडे शिवले तिला बत्त्याला कुंची घालण्याचं काय नवल? त्यांनी हात पुसले आणि कुंचीची नाडी नीट बांधून दिली.

"गार लागायला नको त्याला," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या.

मधुमतीबाईंना ही विहीण आवडायची ती अशा वाक्यांमुळे. तीन महिन्यांत या बाईने घराची दिनचर्याच बदलून टाकली होती. ताटावर क्रूस काढल्याशिवाय घास नाही. मधुमतीबाईंच्या नवऱ्याने, उदयरावांनी, नवी गाडी आणली तर बोनेटवर तीर्थासारखं पाणी शिंपडलं, आणि उदयरावांनी, मागची गाडी नारळ फोडूनच घेतली असल्यामुळे, गप्प उभं राहून शिंपडू दिलं. कोराबाईंच्या आईने कधीकाळी नवस बोलला होता, त्यापायी दर जानेवारीत कोराबाई चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर जात. आई गेली तरी नवस राहतो, तो मुलीने फेडायचा. यंदा लीड्सच्या चर्चमध्ये गेल्या, वय वर्षं एकाहत्तर, आणि घरी येऊन मधुमतीबाईंकडून गुडघ्यांना जेल चोळून घेतलं.

"तुमच्यानंतर मारिसेलने जायचं?" मधुमतीबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"ती तर रात्रपाळी करून नाताळआधीच्या नऊही पहाटे चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जाते. ती जाईल."

ती जाईल यात मधुमतीबाईंनाही शंका नव्हती. मारिसेल मुळात कुणाला नाही म्हणायचीच नाही. लग्न होऊन पाच वर्षं झाली. आल्यागेल्या वडीलधाऱ्यांचा हात उचलून ती स्वतःच्या कपाळाला लावी. त्यांच्याकडचा तो नमस्कारच. उदयरावांना तो फार आवडे. आमच्या मुलांपेक्षा ही परकी पोर बरी वाकते, असं ते चारचौघांत सांगत. ती किती वाकते आणि कुणासाठी वाकते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. मधुमतीबाईंना होतं, आणि सप्टेंबरपासून ते त्यांच्या घशात अडकून होतं.

बाळ सप्टेंबरमध्ये सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलं. दोन महिने नवजात अतिदक्षता विभागात काढून घरी आलं, पण हिवाळाभर डॉक्टरांनी गर्दी नको म्हणून बजावलं होतं. म्हणून बाराव्या दिवशीचं बारसं सातव्या महिन्यात. गुरुजी ब्रॅडफर्डहून साडेअकराला यायचे होते. नाव ठेवणारी आत्या, वरदा, लंडनहून साडेबाराच्या ट्रेनने. हॅरोहून धाकटी जाऊ अनुराधा आदल्या दिवशीच आली होती आणि तिने येताच पाळणा पूर्व-पश्चिम करून घेतला होता.

अकराच्या सुमाराला लीझेल आली. अतिदक्षता विभागातली नर्स, मारिसेलची मैत्रीण, दोन्ही हातांत शेवयांची ही मोठी परात. वाढदिवस असो, बारसं असो, लांब शेवया हव्यातच, त्या म्हणजे दीर्घायुष्य. परात मारिसेलच्या नवऱ्याच्या, मिहीरच्या, हातात देऊन ती सोफ्यावर बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या गालाला गाल लावून भर बैठकीत, उदयरावांच्या पुढ्यात, सगळ्यांना सांगू लागली.

"काय होती आणि काय झाली बघा. त्या दिवशी बाप्तिस्मा झाला आणि दुसऱ्या सकाळपासून हिने वळणच घेतलं. आम्ही सगळ्या हेच म्हणतो."

उदयरावांनी हातातला पेपर खाली ठेवला. "कसला बाप्तिस्मा?"

"बुहोस तुबिग हो, अंकल. नुसतं पाणी घालायचं. बाळ जाईल असं वाटलं की कुणीही घालू शकतं. हँडओव्हरच्या नोंदीत लिहिलेलं होतं, मी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आले तेव्हा वाचलं. आता पुन्हा पाणी घालायचं नसतं, चर्चमध्ये फक्त तेल आणि मेणबत्ती राहिली." तिने हसून मारिसेलकडे पाहिलं. "आम्ही अकरा जणी धर्ममाता व्हायला तयार आहोत. भांडू नका, सगळ्यांना घ्या."

त्या विभागातल्या निम्म्याअधिक नर्स लीझेलसारख्याच फिलिपीन्सच्या. सुट्टीच्या वेळात चहा आणि जपमाळ बरोबरच निघायची. ही गोष्ट तिथे इतकी रोजची होती, की ती कुणापासून लपवायची असते हे लीझेलच्या गावीही नव्हतं. बोलून झाल्यावर तिला बैठकीतली शांतता कळली. तिने बाळाला मारिसेलकडे दिलं, शेवया गरम करते म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

"मिहीर," उदयराव म्हणाले, "तू मला शब्द दिला होतास."

तो शब्द सगळ्या घराला माहीत होता. लग्न चर्चमध्ये करा, मांडवात करा, दोन्हीकडे मी फेटा बांधून येतो, पण पोरांच्या डोक्यावर ते पाणी पडता कामा नये. मिहीरने हो म्हटलं होतं आणि मारिसेलनेही मान हलवली होती.

"बाबा, मला हे माहितीच नव्हता," मिहीर म्हणाला. लीड्समध्ये जन्मलेल्या मिहीरचं मराठी रागात आणखी लंगडं व्हायचं. तो बायकोकडे वळला. "तू मला हे गोष्ट का नाही सांगितलास? सेव्हन मन्थ्स, मारि."

मारिसेलने बाळाला खांद्यावर घेतलं. तिची नजर एकदाच, निमिषभर, मधुमतीबाईंकडे गेली आणि लगेच गालिच्यावर उतरली.

"सॉरी," ती म्हणाली. बस, एवढंच.

मधुमतीबाईंना ती नजर कळली. आता बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत.

"कुणी केलं?" उदयरावांनी विचारलं. "तू तर उठू शकत नव्हतीस. हॉस्पिटलच्या पाद्र्याला बोलावलंस?"

"मीच सांगितलं करायला. माझीच जबाबदारी आहे, बाबा."

"कुणाला सांगितलंस?"

मारिसेलने बाळाचं दुपटं सारखं केलं.

एरवी उदयराव काही सोवळ्यातले नव्हते. पस्तीस वर्षं लीड्सच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हाडं जोडली, संध्याकाळी एखादा पेग घेतला, आणि गणपतीचे दीड दिवस सोडले तर देवघराकडे फिरकले नाहीत. मिहीरला वाटे, बाबांचा हा हट्ट म्हणजे मराठी मंडळातल्या चार म्हाताऱ्यांपुढचा ताठा. मधुमतीबाईंना खरं कारण माहीत होतं, पण त्यांनीही ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदाच ऐकलं होतं. आज उदयराव ते उभ्याने बोलले, खिडकीकडे तोंड करून.

"माझी धाकटी बहीण अकरा महिन्यांची होती. घटसर्प झाला म्हणून आईने तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. आई माझ्यासाठी दूध आणायला खाली गेली, तेवढ्यात तिथल्या सिस्टरने मुलीच्या डोक्यावर पाणी घातलं. मी सहा वर्षांचा, कॉटच्या पायाशी उभा होतो. मी पाहिलं. संध्याकाळी ती गेली. आणि मी, शहाणा, घरी येऊन आईला सांगितलं."

अनुराधाने हातातली फुलांची परडी खाली ठेवली. या घरात येऊन तिला चाळीस वर्षं झाली होती, पण हे तिला नवं होतं.

"आई त्यानंतर तीस वर्षं जगली. दर वर्षी त्या तिथीला म्हणायची, माझी मुलगी त्यांच्यात गेली, मला ती वर भेटायची नाही. तुम्ही म्हणाल, अडाणी बाई. असेल. पण तिला कुणी विचारलं नाही. दूध घेऊन येईपर्यंत कुणी थांबलं नाही." ते वळले. "माझ्या घरात हे पुन्हा होणार नाही असं मी तेव्हाच ठरवलं होतं."

शेवटी अनुराधाच पुढे झाली. ती नेहमी पुढे होते, आणि मधला मार्ग काढते म्हणून सासरी तिला शहाणी म्हणतात.

"दादा, असं करू. गुरुजी येतच आहेत. त्यांना सांगू, आधी शुद्धी करून घ्या. थोडं पंचगव्य, थोडं पाणी, पाच मिनिटांचं काम. मग बारसं. झालंगेलं धुऊन निघालं म्हणायचं. कुणाच्या मनात काही राहायला नको."

"ते तर करायचंच," उदयराव म्हणाले. "त्याशिवाय मी पाळण्याला हात लावू देणार नाही. मिहीर?"

मिहीरने खांदे उडवले. "इफ इट हेल्प्स, बाबा. पाच मिनिटाचा तर प्रश्न आहे."

"मारिसेल?"

"ठीक आहे, बाबा," मारिसेल म्हणाली. "करा."

कोराबाईंना मराठी येत नव्हतं. पण माणसांचे चेहरे वाचायला भाषा लागत नाही, आणि 'शुद्धी' म्हणजे काय ते मिहीरने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्या उठल्या. पदर असता तर खोचला असता, अशा उठल्या.

"ते पाणी पुसलं जात नाही, डॉक्टर," त्या उदयरावांना इंग्रजीत म्हणाल्या. "त्याची मला भीती नाही. तुम्ही वर कितीही पाणी घाला. पण माझ्या मुलीला त्यासाठी मान खाली घालून उभी करताय, ते मला बघवत नाही." आणि बाहेर जाऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या. माळेचे मणी सरकल्याचा आवाज आत ऐकू येत होता.

मधुमतीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाच मिनिटांचं काम. गप्प बसलं की झालं. सून दोष घेतेय, आनंदाने नाही पण घेतेय. नवरा समाधानी, मुलगा सुटला, जाऊ शहाणी ठरली. चव्वेचाळीस वर्षं संसार त्यांनी याच युक्तीवर केला होता, योग्य वेळी गप्प बसायच्या. आणि आज त्यांना स्वतःची लाज वाटत होती, अगदी कानांच्या पाळ्या तापेपर्यंत.

त्या मंगळवारची दुपार त्यांना रोज आठवे. बाळ तीन दिवसांचं. मिहीर लंडनहून निघालेला, ट्रेनमध्ये अडकलेला. उदयराव पार्किंगचं बघून येतो म्हणून खाली गेले ते तासभर आले नव्हते. सल्लागार डॉक्टर येऊन म्हणाले, फुप्फुसं साथ देत नाहीत, तयारी ठेवा. मधुमतीबाई स्वतः भूलतज्ज्ञ. तयारी ठेवा म्हणजे काय, हे त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळपासून रामरक्षा तीनदा झाली होती, गणपतीला एकवीस जास्वंदी बोलून झाल्या होत्या, लीड्समध्ये जास्वंद कुठून आणणार याचा विचार न करता.

खालच्या मजल्यावर मारिसेल रक्तदाबाच्या औषधाच्या सलाइनला बांधलेली. उठायची परवानगी नाही. तिने सासूचं मनगट धरलं.

"आई, पाणी. तुम्ही घाला. प्लीज. एनीबडी कॅन."

"मी? अगं, मी तुमच्यातली नाही."

"चालतं. कुणीही चालतं. फक्त मनापासून."

"मनापासून म्हणजे?"

मारिसेलने थोडा विचार केला होता. औषधाने तिची जीभ जड झाली होती. "म्हणजे मला जे हवंय, तेच तुम्हाला करायचं असलं पाहिजे."

तेवढं मधुमतीबाईंना अगदी कळलं. पाणी घालताना म्हणायचं इंग्रजी वाक्य मारिसेलने सांगितलं, ते त्यांनी लिफ्टमध्ये तोंडी परीक्षेसारखं घोकलं. वर एका पोक्त नर्सने काही न विचारता निर्जंतुक पाण्याची छोटी ट्यूब फोडून हातात दिली आणि काचपेटीचं दार उघडलं. हजारो नसा पहिल्या टोचणीत शोधणारा हात त्यांनी आत घातला. तीन थेंब पडले. नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून 'बाळ' म्हणाल्या. बाळाने कपाळ आक्रसलं, बस. ते कशाने जगलं, औषधांनी, यंत्राने, की दोघींपैकी कुणाच्या देवाने, या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. खाली येऊन मारिसेलला झालं म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "घरी बोलू नकोस हं. यांना सहन होणार नाही." सात महिने ती पोर बोलली नाही. आताही बोलत नव्हती.

"अनुराधा," मधुमतीबाई म्हणाल्या, "ते पंचगव्याचं राहू दे."

"वहिनी, पाच मिनिटांचं तर..."

"पाणी मी घातलं."

उदयरावांना ते ऐकू आलं, पण कळलं नाही. "काय?"

"बाळाच्या डोक्यावर पाणी मी घातलं. पाद्र्याने नाही, नर्सने नाही. मी, या हाताने. तीन थेंब. मंत्रही मीच म्हटला, इंग्रजीत, एकही चूक न करता. आणि हिला गप्प बसायला सांगणारीही मीच."

मिहीर आईकडे बघतच राहिला. मारिसेल घाईघाईने म्हणाली, "आई, नको, इट्स ओके."

"इट्स नॉट ओके. तू आता जरा थांब." मधुमतीबाईंनी पदर सावरला. "मी भित्री आहे, म्हणून हिने सात महिने सोसलं. आता पुरे."

"तू," उदयराव म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "तुला माझ्या बहिणीचं माहीत होतं. घरात फक्त तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि तरी तू मला विचारलं नाहीस."

"तुम्ही खाली गाडीत बसला होतात. पण खोटं कशाला बोलू? समोर असतात तरी विचारलं नसतं."

"मधू, तुझा विश्वास तरी आहे का त्याच्यावर?"

"माझा त्या दिवशी सगळ्यांवर विश्वास होता. एकही दार ठोठावायचं सोडलं नाही मी. विश्वासाचं मला विचारू नका, मला ते नीट सांगता येणार नाही. पण केलं ते मनापासून केलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. प्रायश्चित्त घ्यायला सांगाल तर मी पाटावर बसणार नाही. आज नाही आणि कधीच नाही."

"वहिनी, निदान मोठ्यांदा तरी बोलू नका," अनुराधा हळूच म्हणाली, "गुरुजी येतील एवढ्यात."

"येऊ देत. त्यांनीही ऐकावं."

"म्हणजे माझ्या आईचं दुःख म्हणजे काहीच नाही तुझ्या लेखी," उदयराव म्हणाले. आता तेही चढले होते. "तिच्या मुलीवर परक्याने पाणी घातलं. माझ्या नातीवर माझ्या बायकोने. फरक काय?"

मधुमतीबाई पुढे आल्या आणि नवऱ्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. इतक्या जवळ उभं राहून त्या त्यांच्याशी कधी भांडल्या नव्हत्या.

"फरक तुम्हीच सांगितलात आत्ता. तुमच्या आईंना कुणी विचारलं नाही. दूध घेऊन येईपर्यंत थांबलं नाही. मी सून आहे त्यांची, त्यांचे ते शेवटचे दिवस मी काढलेत. त्यांनी मला कधीही पाण्याचं नाव घेतलं नाही. त्या म्हणायच्या, आई मी होते ना गं, मग मला का नाही विचारलं? मला या मुलीच्या आईने सांगितलं होतं. माझं मनगट धरून. मी तिचं ऐकलं. त्या सिस्टरने जे केलं नाही ना, तेच मी केलं."

उदयरावांनी खिडकीच्या चौकटीवर हात टेकला.

"आणि आता तुमचं सांगते. गुरुजी येणार, तुम्ही या लेकराच्या डोक्यावर पाणी घालायला लावणार, त्याच्या आईच्या मनात नसताना. तिला तिथेच उभी करून. मग त्या सिस्टरमध्ये आणि तुमच्यात काय फरक राहिला?"

"ती हो म्हणाली आहे," उदयराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "सगळ्यांसमोर म्हणाली."

"ती माझ्यासाठी हो म्हणाली. या घरात तिला हो सोडून दुसरं काही म्हणायची सोय आपण ठेवली आहे का?"

"आई इज राइट," मिहीर म्हणाला. तो आपल्या बायकोकडे गेला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. "सॉरी, मारि. मी पण तुला विचारला नाही. आय जस्ट सेड येस."

अनुराधा उठली, जिन्याशी गेली आणि कोराबाईंच्या दंडाला धरून त्यांना आत घेऊन आली. आपण बसलो होतो त्या खुर्चीवर तिने त्यांना बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिली. मधला मार्ग तिने तिथेच सोडला.

उदयराव खिडकीपाशीच उभे होते. त्यांना काय वाटत असेल ते मधुमतीबाईंना ठाऊक होतं. सहा वर्षांचा मुलगा, कॉटच्या पायाशी. त्याने तेव्हा ओरडायला हवं होतं, असं तो अडुसष्ट वर्षं समजत आला. त्यांना जवळ घ्यावं असं मधुमतीबाईंना फार वाटलं. घेतलं नाही. घेतलं असतं तर त्यांनी ती माघार समजली असती, आणि माघार घ्यायची नव्हती.

बेल वाजली. दाराच्या काचेतून गुरुजींचं उपरणं दिसत होतं, त्यावर जाड काळा कोट. बैठकीतलं कुणीच जागचं हललं नाही. पुन्हा बेल वाजली.

उदयराव मारिसेलकडे वळले. पाच वर्षांत त्यांनी तिला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या, शिकवल्या होत्या, तिचं कौतुकही केलं होतं. विचारलं मात्र कधी काही नव्हतं. त्यांना ते जमेना, शब्द जुळायला वेळ लागला.

"मारिसेल, तू बोल. मी गुरुजींना काय सांगू?"

मारिसेलने आईकडे पाहिलं नाही, सासूकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सासऱ्यांकडे सरळ पाहिलं.

"शुद्धी नको, बाबा," ती मराठीत म्हणाली. "त्यांना सांगा, बाळाची अंघोळ झाली. मी घातली, सकाळी. आता फक्त नाव ठेवा."

उदयराव दार उघडायला गेले.